आजीनं नाव घेतलं

डॉक्टरांनी मला एकच काम दिलं होतं, गप्प बसायचं. नेमकं तेवढंच मला जमत नाही.

त्या डॉक्टर, गिल मॅडम, यांनी दोनदा बजावलं होतं. प्रश्न तुम्ही मराठीत विचारायचा, उत्तर माताजींनी द्यायचं. खुणा करायच्या नाहीत, आठवण करून द्यायची नाही. मी मान डोलावली खरी, पण आजीनं उत्तराला जरा वेळ लावला की माझेच ओठ हलायला लागायचे. मग गिल मॅडम माझ्याकडे अशा बघायच्या की परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखं वाटायचं मला.

झालं होतं असं. सकाळी आजी आमच्या मोहालीच्या फ्लॅटची बाल्कनी घासत होती. घासायला बाई येते, हे तिला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. "ती पुसती, घासत न्हाई," हे तिचं ठरलेलं उत्तर. पाय घसरला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. जखम नाही, रक्त नाही, नुसतं टेंगूळ. ती म्हणे हळद लावू. मी आणि प्रतीकनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला तशीच उचलून गाडीत घातली आणि चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात आणली. इथल्या रस्त्यांवर दर थोड्या अंतरानं गोल चक्कर. गाडी वळली की आजीचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडायचं आणि मी प्रतीकवर ओरडायचे, हळू चालव. शेवटी तो म्हणाला, हळू चालवू की लवकर पोचवू, ते एकदा ठरव.

हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या कडेला थोडं रक्त साचलं होतं. इतकं थोडं असेल तर ते आपोआप जिरतं, असं गिल मॅडमनी समजावलं. पण वाढलं तर डोकं उघडून काढावं लागेल, आणि या वयात ते सोपं नाही. वाढतंय की काय, हे सगळ्यात आधी बोलण्यावरून कळतं. माणूस गोंधळायला लागतं, घरातली नावंसुद्धा विसरतं. म्हणून दिवसभर मधून मधून येऊन तिला तेच तेच प्रश्न विचारायचे होते. म्हणजे आजीचा जीव तिच्या उत्तरांवर टांगलेला, आणि मी शेजारी तोंडाला कुलूप लावून उभी.

पहिल्या फेरीत आजीनं बाजी मारली. नाव विचारलं तर म्हणाली, लीलावती. कुठे आहात, तर चंदीगडच्या दवाखान्यात. मुलाचं नाव, गुरुनाथ. ही कोण, म्हणून माझ्याकडे बोट केलं तर म्हणाली, "ही उल्का, माझी नात. सकाळपासून पोटात काही न्हाई तिच्या. तिला आधी कायतरी खायला घाला." हेही मला हिंदीत सांगावं लागलं. गिल मॅडम हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी विचारलं, "पती का नाम?"

मी विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?"

आजी गप्प. भिंतीकडे बघत राहिली. गिल मॅडमनी खूण केली तसं मी पुन्हा विचारलं. आजीनं पदर ओठांवर ओढून घेतला. गिल मॅडमचं हसू गेलं. त्यांनी खिशातली बॅटरी काढून तिच्या डोळ्यांत उजेड टाकला, बोटं घट्ट दाबायला लावली. मी तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर केलं. असं बोट मला शाळेत मुख्याध्यापकांनीही कधी दाखवलं नव्हतं.

खोलीबाहेर आल्याबरोबर मी फुटलेच. ती विसरलेली नाही, ती नाव घेतच नाही, कधीच घेत नाही, असं मी हिंदीत सांगायला लागले. रागावले की माझं हिंदी पार आमच्या गावी, जामखेडला पोचतं. पण त्यांना कळलं. त्यांची आजीही जन्मभर 'सुनो जी'च म्हणायची म्हणे. तरी त्या म्हणाल्या, माझा विश्वास आहे तुमच्यावर, पण विसरलेलं माणूस आणि न सांगणारं माणूस बाहेरून सारखंच दिसतं. आता बाकीच्या उत्तरांत एक जरी चूक झाली तर मी थांबणार नाही, आजच डोकं उघडावं लागेल. वडिलांना कळवून ठेवा. एवढं सांगून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी त्या अर्धवट लोटलेल्या दाराला टेकून मोठ्यानं रडले. प्रतीकनं पाण्याची बाटली पुढे केली.

मग तो खायला काहीतरी आणायला गेला आणि मी बाकावर बसून राहिले. बाकीच्या उत्तरांत एक चूक. आजीच्या बोलण्यात चुका काय कमी होत्या? इथं आल्यापासून ती सेक्टरला 'ट्रॅक्टर' म्हणत होती.

आजी कासारीण. जामखेडच्या आसपासचे सगळे आठवडे बाजार तिचे. खर्डा, नान्नज, हळगाव, कुठल्या बाजारात कुठल्या झाडाखाली तिची बांगड्यांची पेटी मांडली जाणार, हे पंचक्रोशीतल्या बायकांना पाठ. एसटी चुकली तर पेटी डोक्यावर, माळा खांद्यावर, आणि चालत. सुट्टीत मीही असायचे तिच्याबरोबर, मागून कुरकुरत. ती वळून बघायची नाही. ऊन आहे हे तिला मान्यच नसायचं.

बांगड्या भरताना मात्र ती निराळीच व्हायची. समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, बोटांचे सांधे कणीक मळावी तसे हळूहळू मळायची आणि तिच्या माहेराची चौकशी करायची. बाई माहेराचं सांगण्यात रंगली की काकण हाडावरून कधी सरकलं, तिला कळायचंही नाही. "हात ढिला सोड गं. घरी धर आवळून, इथं सोड," असं म्हणायची. कित्येक बायका बांगड्या भरता भरता रडायच्या. काच टोचली म्हणून नव्हे. आजी त्यांचा हात तसाच धरून बसायची आणि मागं खोळंबलेल्या बायकांना डोळ्यांनी दटावायची. चुडा भरून झाला की बाई तिला वाकून नमस्कार करायची आणि आजी तिच्या भरल्या हातांवरून आपला हात फिरवायची. तो हात खरखरीत होता, चिरांनी भरलेला. मला झोपवतानाही तोच हात पाठीवर असायचा, आणि त्याच्याशिवाय मला झोप यायची नाही.

हे सगळं तिनं एकटीनं केलं. बाबा अजून रांगत होते, तेव्हा आजोबा बांगड्यांचा माल आणायला फिरोझाबादला गेले ते परतलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. कुणी म्हणालं आजारी पडून गेले, कुणी म्हणालं तिकडंच संसार थाटला. आजीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. बारा वर्षं झाल्यावर भावकी आली. आता दर्भाचा पुतळा करून बाळकृष्णाचं क्रियाकर्म उरकून टाका, म्हणाली. आजीनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. विधवेच्या हातून कुठली सवाष्ण बांगड्या भरून घेणार? आजोबा मेले असते तर आजीचा धंदाही त्यांच्याबरोबर मेला असता. कुंकू पुसायला निघालेली भावकी काही तिच्या पोराला खायला घालणार नव्हती.

पण नुसतं धंद्यासाठी म्हणावं, तर तेही खरं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत होती. आणि ते कुठंतरी आहेत, यावर तिचा विश्वास होता की हट्ट, हे मला कधी कळलं नाही. लग्नघरी बायका नाव घ्यायचा आग्रह करायच्या, तर म्हणायची, हातात काच आहे, माझं लक्ष उडालं तर काकण वाढेल. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. बाबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी वडिलांचं नाव विचारलं, तर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रांगत्या बाळकृष्णाकडे बोट दाखवलं. मास्तरांनी 'श्रीकृष्ण' लिहून टाकलं. तिला वाचता येत नव्हतं. पुढे ते नाव सुधारून घेताना बाबांच्या चपला झिजल्या.

या खेपेला मीच तिला हट्टानं इथं आणली. येताना आग्रा स्टेशनवर तिनं विचारलं, फिरोझाबाद इथून किती लांब आहे गं? जवळच आहे, म्हटलं. ती खिडकीतून बघत राहिली, गाडी सुटली तरी. मोहालीत आल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या नव्या नवरीचा लाल चुडा तिनं हात धरून उलटासुलटा तपासला आणि मला मराठीत म्हणाली, "प्लास्टिक आहे." वर त्या पोरीला आशीर्वाद देऊन आली. मी प्रतीकला दिवसभर नावानं हाका मारते, तर म्हणायची, जरा बेतानं घे, थोडं आयुष्य उरू दे बिचाऱ्याचं.

मी बाबांना फोन केला. पडल्याचं सकाळीच कळवलं होतं, आता डोकं उघडण्याचं सांगितलं. ते म्हणाले, नावाचं सोड, ती काय घेणार आहे. बाकीचं नीट सांगतेय ना? सांगतेय, म्हटलं. मग काळजी करू नकोस, असं ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज काळजीनं बसला होता.

दुपारी दुसऱ्या फेरीला गिल मॅडम आल्या नाहीत, त्या ऑपरेशनमध्ये होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला. त्याला नावाची भानगड ठाऊक नव्हती. मी सांगायला गेले, तर म्हणाला, मॅम, प्लीज, फक्त प्रश्न. मी विचारत गेले. आजी सांगत गेली. तिचे डोळे मिटलेले होते आणि आवाज दमलेला. तिचं नाव, गाव, बाबांचं नाव, माझं नाव. सगळं बरोबर. मी मनातल्या मनात एकेका उत्तराला हात जोडत होते.

"पती का नाम?"

मी विचारलं. विचारताना मला ठाऊकच होतं, ती गप्प बसणार.

आजीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाळकृष्ण."

"बहोत बढिया, माताजी," असं म्हणून तो डॉक्टर खूश होऊन निघाला.

मी त्याच्या मागे धावले. काहीतरी बिघडलंय, ती तशी बोलत नाही, लगेच फोटो काढा. तो म्हणाला, नाव चुकीचं सांगितलं का? नाही, बरोबर सांगितलं. मग? मग काय सांगणार? मॅम, त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिलीत, तरी तुम्ही का रडताय? मी म्हणाले, बरोबर दिली म्हणूनच रडतेय. त्यानं प्रतीककडे बघितलं. प्रतीकही माझ्याकडे काळजीनं बघायला लागला, म्हणजे आता ऑपरेशन माझंच करतात की काय.

मला कुणाला समजावताच येईना. आजीचं काय काय जाऊ शकतं, याचा विचार मी सकाळपासून करत होते. हात जाईल, वाचा जाईल, माझं नाव जाईल. पण हे जाईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. भावकीपुढं, मास्तरापुढं, लग्नघरच्या बायकांपुढं जे नाव तिच्या तोंडून निघालं नाही, ते एका अनोळखी माणसानं विचारलं आणि तिनं सांगून टाकलं. म्हणजे ज्या बाईला मी ओळखते ती आतून निघून गेली होती, आणि उरलेली बाई विचारेल त्याला विचारेल ते सांगणार होती. मला इतकी भीती वाटली की मी प्रतीकचा हात धरला तो सोडेचना.

बाबांना पुन्हा फोन लावला, प्रतीकलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर, आणि सांगितलं, आजीनं नाव घेतलं. ते म्हणाले, "काय म्हणाली? म्हणजे, तिच्या आवाजात कसं वाटलं ते नाव?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी निघतो. मिळेल त्या विमानानं येतो."

बाबांच्या त्या आवाजानं प्रतीकलाही पटलं. तो सरळ त्या डॉक्टरपुढं जाऊन उभा राहिला आणि फोटो काढल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. एरवी हॉटेलात चुकीची भाजी आली तरी गपचूप खाणारा माणूस. कुणीतरी गिल मॅडमना विचारून आलं आणि आजीला खाटेसकट नेलं. आम्ही मागे मागे चाललो. जिथं दारं बंद झाली तिथं उभे राहिलो. शेजारी एका कुटुंबानं सतरंजी पसरून पराठे सोडले होते. त्यांच्यातल्या आजीबाईंनी मला एक देऊ केला. मी नको म्हटलं, मग घेतला, आणि हातात धरून उभी राहिले. आत काय दिसत असेल ते मला दिसत होतं. साचलेलं रक्त पसरतंय आणि एकेक नाव बुडतंय.

उन्हं उतरताना गिल मॅडम स्वतः आल्या. रक्त वाढलेलं नाही, म्हणाल्या. सकाळी होतं तेवढंच आहे. दोन-तीन दिवस ठेवून घेऊ, पण आता भ्यायचं कारण नाही. प्रतीकनं त्यांचे हात धरून इतके आभार मानले की त्या अवघडल्या. मीही मानले. पण रक्त वाढलं नव्हतं, मग नाव कुठून आलं?

मी आत गेले. खिडकीतून पिवळं ऊन आजीच्या चादरीवर आलं होतं. ती जागी होती. मी खुर्ची ओढून बसले आणि तिचा हात हातात घेतला.

"आजी, मगाशी तू त्या डॉक्टरला आजोबांचं नाव सांगितलंस."

"सांगितलं."

"आठवतंय तुला?"

"न आठवायला काय झालं?" ती जरा चिडलीच. "तू त्या दाराशी गळा काढून रडत होतीस. मला काय ऐकू येत न्हाई का? हिंदी येतं मला, निम्मा माल त्याच बोलीत घेतलाय. माझं डोकं उघडायचं म्हणत होती ती बाई. त्या नावावाचून अडलं होतं सगळं."

"अगं, पण मी तिला समजावलं होतं."

"तू काय समजावणार, तुलाच रडू आवरत नव्हतं. परमुलखात एकटी पोर."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "पण तू तर म्हणायचीस, नाव घेतलं की आयुष्य कमी होतं."

"होतंच." ती म्हणाली, "लई वर्षं राखलं. पार म्हातारं केलं त्यांना मी, जिथं असतील तिथं. आज मला तू राखायची होतीस."

मी तिच्या हातावर कपाळ टेकलं. सकाळपासून अडवून धरलेलं, आणि न धरलेलंही, सगळं बाहेर आलं.

बाबा विमानानं येताहेत, असं मी तसंच हुंदके देत सांगितलं. तिनं दुसरा हात माझ्या पाठीवरून फिरवला.

"येऊ दे. गुरूला म्हणावं, बापाचं करायचं राहिलंय. आता करून टाक." मग माझं डोकं जरा वर उचलून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "आन तू कशाला रडतीस? गेले ते माझे गेले."